बनारसच्या राजाची इंग्लंडमधली विहीर

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषण करणं हा माझा प्रांत नाही. मी रेल्वेत वर्क्सचा माणूस. जुन्या भाषेत ज्याला आयओडब्ल्यू म्हणायचे, तो. स्टेशनची इमारत, क्वार्टर, गटारं, पाणीपुरवठा हे माझं काम. एखाद्या क्वार्टरचं छत गळायला लागलं किंवा नळ कोरडा पडला की लोकांना माझी आठवण येते. कार्यवाहांनी जेव्हा सांगितलं की यावर्षी व्याख्यानमालेत एक दिवस तुमचा, तेव्हा मी म्हटलं, मला फक्त पाण्याबद्दल बोलता येईल. ते म्हणाले, पाण्याबद्दल बोला. म्हणून आज मी एका विहिरीबद्दल बोलणार आहे. विहीर इंग्लंडमधल्या एका खेड्यात आहे, पण ती आपल्या काशीची आहे.

त्या खेड्याचं नाव स्टोक रो. लंडनच्या पश्चिमेला साधारण साठ किलोमीटरवर रेडिंग नावाचं शहर आहे, तिथे माझी भाची आणि जावई नोकरीला असतात. २०१९ च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. भाचीने राजवाडा, टेम्सचा पूल, संग्रहालयं अशी यादी करून ठेवली होती. मी म्हटलं, मला स्टोक रोला ने. ती म्हणाली, "मामा, तिथे काय आहे बघण्यासारखं?" म्हटलं, "विहीर." ती माझ्याकडे बघतच राहिली. सुट्टी काढून, विमानाचं भाडं भरून मामा विहीर बघायला आला!

रेडिंगहून पंधरा-सोळा किलोमीटर. शहर संपलं की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना कुंपणाची दाट झुडपं, समोरून गाडी आली तर एकाला बाजूला थांबावं लागतं. हा सगळा चिल्टर्न टेकड्यांचा प्रदेश. टेकड्या म्हणजे आपल्या सह्याद्रीसारख्या नव्हेत, नुसते लांबट हिरवे उंचवटे. वर बीचच्या झाडांची राई, झाडांखाली त्या महिन्यात निळ्या फुलांचा सडा, आणि डोक्यावर लाल घारी. ही घार तिथे पूर्वी नामशेष झाली होती, १९८९ पासून पुन्हा आणून सोडली, आता ती जिकडेतिकडे दिसते.

गाव म्हणाल तर एक रस्ता, गारगोटीच्या दगडांत बांधलेलं छोटं चर्च, शाळा, खाणावळ आणि घरं. हजारभरही वस्ती नाही. पूर्वी या भागातली माणसं बीचच्या लाकडावर जगायची. खुर्च्यांचे पाय कातून द्यायचे, ब्रशच्या मुठी करायच्या. तंबूच्या लाकडी खुंट्या तर या गावाची खासियत, महायुद्धात लष्करासाठी त्या इथे मोठ्या संख्येने तयार झाल्या. काही विटांच्या भट्ट्यांवर राबायची. म्हणजे आपल्याला इंग्लंड म्हटलं की जे श्रीमंत चित्र डोळ्यांपुढे येतं, ते इथलं नव्हे. ही गरीब, कष्टाची वस्ती होती. आणि तिचं सगळ्यात मोठं दुःख होतं पाणी.

आपल्याला हे खरं वाटत नाही. इंग्लंडात पाण्याची टंचाई? जिथे रोज भुरभुर पाऊस पडतो तिथे? मलाही वाटलं नव्हतं. पण कारण जमिनीत आहे. आपण फळ्यावर लिहितो तो खडू, त्या खडूच्या दगडाच्या या टेकड्या आहेत. वर थोडी चिकणमाती आणि गारगोट्या, खाली शेकडो फूट खडू. पाऊस पडला की पाणी त्या दगडात झिरपून खोल जातं. वर ओढा नाही, झरा नाही. पाणी आहे, पण शंभर मीटर खाली. माणसं काय करायची? मातीच्या खड्ड्यांत, डबक्यांत साठलेलं पावसाचं पाणी वापरायची. ते आटलं की मैलोन् मैल चालून खालून आणायचं. आपल्या मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

या टेकडीच्या पायथ्याशी इप्सडेन नावाचं दुसरं गाव आहे. तिथल्या रीड घराण्यातला एक मुलगा, एडवर्ड अँडरडन रीड, कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. याच घराण्यातला चार्ल्स रीड पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाला, तो याचा भाऊ. एडवर्ड रीडची बरीच नोकरी आपल्याच भागात झाली. १८३१ साली आझमगढला असताना त्याने तिथल्या लोकांसाठी एक विहीर खोदवून दिली. आझमगढ इथून किती लांब? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं.

पुढे तो मोठ्या हुद्द्यांवर चढला. १८५७ च्या धामधुमीत आग्र्याला लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन वारला, तेव्हा काही दिवस कारभार रीडच्याच हाती होता. काशीनरेश महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा चांगला स्नेह होता. गप्पांत कधीतरी त्याने राजेसाहेबांना आपल्या गावाकडची एक गोष्ट सांगितली होती. दुष्काळ पडला होता. एका लहान पोराने घरातलं उरलेलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं, म्हणून आईने त्याला बदडलं. एवढीच गोष्ट.

१८६० साली रीड निवृत्त होऊन मायदेशी निघाला. जाताना त्याने राजेसाहेबांकडे एकच मागणं केलं: आझमगढची ती विहीर लोकांसाठी खुली राहील एवढं बघा. स्वतःसाठी काही मागितलं नाही. दोनेक वर्षांनी राजेसाहेबांच्या मनात आलं की इंग्लंडात काहीतरी दानधर्म करावा. तेव्हा त्यांना ती विहीर आठवली आणि तो मार खाल्लेला पोरगा आठवला. त्यांनी रीडला कळवलं, तुमच्या भागात विहीर खोदा, खर्च माझा. जागा ठरली टेकडीवरच्या स्टोक रो गावात.

आता थोडं माझ्या धंद्याचं बोलतो. १० मार्च १८६३ ला काम सुरू झालं. त्या दिवशी इंग्लंडच्या युवराजाचं लग्न होतं. २४ मे १८६४ ला विहीर लोकांना खुली केली, तो राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस. आपण मुहूर्ताला पंचांग बघतो, राजेसाहेबांनी राणीचं पंचांग बघितलं! ते असो. चौदा महिन्यांत काय झालं ते ऐका. विहिरीचा व्यास चार फूट. खरं तर तिला विहीर म्हणू नये, आपल्या भाषेत तो आड. खोली ३६८ फूट. कुतुबमिनार २३८ फूट उंच आहे. म्हणजे एक अख्खा कुतुबमिनार उलटा आत सोडला, त्याच्यावर अर्धा आणखी ठेवला, तरी तो बाहेर डोकावणार नाही. आणि हे सगळं हाताने खोदलेलं. चार फुटांत एका वेळी एकच माणूस बसून काम करू शकतो, तेही आखूड दांड्याच्या कुदळीने. मी हिशेब मांडला. साडेचार हजार घनफुटांच्या वर दगड-माती निघाली. घट्ट मापानेच धरली तरी आजच्या दहा घनमीटरच्या डंपरने तेरा खेपा. ती सगळी बादलीबादलीने वर ओढली.

मी स्वतः विहिरीत उतरलेला माणूस आहे. पन्नास फुटांवर गेलं की वरचं तोंड ताटाएवढं दिसतं. हवा जड होते. आमचे जुने मिस्त्री आधी जळता कंदील सोडायचे, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. ३६८ फुटांवरून ते तोंड केवढं दिसत असेल? आणि वरून एखादी गारगोटी निसटली तर? ज्याने कुदळ चालवली त्या माणसाचं नाव आपण इथे घेत नाही, राजाचं घेतो. माझ्या खात्यात हे नेहमीच होतं. उद्घाटनाच्या कोनशिलेवर खलाशाचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.

रहाटाची यंत्रणा जवळच्या वॉलिंगफर्ड गावातल्या वाइल्डर यांच्या कारखान्यात तयार झाली. भरलेला पोहरा वर यायला दहा मिनिटं लागायची. वर लोखंडी खांबांवर घुमट आहे, जमिनीपासून तेवीस फूट उंच, आपल्याकडच्या छत्रीसारखा. रहाटावर पुढे एक सोनेरी हत्ती बसवला. घुमटाखाली गोल अक्षरं आहेत, की बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली. भाचीने ती वाचली आणि म्हणाली, "मामा, हे तर आपलं बनारस!" म्हटलं, "म्हणून तर आलो." त्या परक्या हिरवळीवर आपल्या गावाचं नाव वाचताना पोटात काहीतरी हललं, हे कबूल करतो. एकूण खर्च आला ३५३ पौंड आणि काही शिलिंग.

पण मला आज खरं सांगायचं आहे ते या विहिरीबद्दल नाही, तिच्या शेजारच्या बागेबद्दल.

विहीर बांधून राजेसाहेब थांबले नाहीत. शेजारी जमीन घेऊन चेरीची बाग लावली. तिचं नाव ईश्री बाग. त्यात माशाच्या आकाराचं तळं केलं. राखणदारासाठी एक अष्टकोनी घर बांधलं. पाणी सगळ्यांना फुकट. मग दोर झिजला तर? पोहरा फुटला तर? राखणदाराचा पगार? तर बागेतल्या चेऱ्या विकायच्या आणि त्या पैशातून विहिरीची देखभाल करायची. मी हे प्रथम वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. बांधकामाला पैसा मंजूर होतो, देखभालीला होत नाही, हे माझ्या पूर्ण नोकरीचं रडगाणं आहे. आणि इथे दीडशे वर्षांपूर्वी एका राजाने, सात समुद्रांपलीकडच्या, आपण कधीही न पाहिलेल्या विहिरीच्या दोराची सोय करून ठेवली होती! राजेसाहेबांनी ती विहीर पुढेही कधी पाहिली नाही.

हे आपल्याला अगदी नवं नाही. अहिल्याबाईंनी १७८० साली विश्वनाथाचं मंदिर उभं केलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्या देखभालीसाठी खासगीतून नेमणुकाही करून दिल्या. नुसतं बांधणारे पुष्कळ असतात. नेमणूक करून देणारा खरा दाता.

रेल्वेवाला आहे म्हणून जाता जाता एक सांगतो. या टेकडीवरून पश्चिमेला खाली उतरलं की टेम्स नदीकाठी गोरिंग गाव लागतं. तिथून ब्रुनेलचा ग्रेट वेस्टर्न रेल्वेमार्ग जातो. १८४० साली सुरू झालेला. त्याचे विटांच्या कमानींचे पूल नदीवर आजही उभे आहेत आणि त्यांच्यावरून गाड्या धावतात. १८९५ साली याच गोरिंगजवळ रुळांच्या मधोमध पाण्याच्या लांब पन्हळी बसवल्या. धावत्या गाडीचं इंजिन त्यात तोटी सोडून न थांबता पाणी उचलून घ्यायचं. म्हणजे खाली दरीत इंजिन क्षणात पाणी पिऊन पुढे जातं, आणि वर टेकडीवर बाई एका पोहऱ्यासाठी दहा मिनिटं रहाट फिरवते. दोघांत अंतर थोडक्याच कोसांचं. विकास सगळीकडे असाच असतो, आधी इंजिनाला, मग माणसाला.

आता आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. माझ्याही आला होता. मागच्या वर्षी हीच गोष्ट मी आमच्या शेजारच्या काकांना सांगितली, तर ते उसळून म्हणाले, "अहो, १८५७ होऊन सहा वर्षंही झाली नव्हती. जिचा जन्म या काशीत झाला ती मनकर्णिका झाशीसाठी लढून मेली. आणि हा राजा साहेबांच्या गावात विहिरी खोदतोय? १८६०-६१ साली आग्रा-दिल्लीकडे दुष्काळात माणसं मेली, तिकडे का नाही खोदली?"

काकांचं म्हणणं खोटं नाही. काशीनरेश सत्तावनमध्ये इंग्रजांच्या बाजूने होते, हे इतिहासात आहे. राणीचा वाढदिवस उगीच निवडलेला नव्हता. हे दान पूर्ण निरपेक्ष होतं असं मी या व्यासपीठावरून म्हणणार नाही. पण मी काकांना एवढंच म्हटलं, तो मार खाल्लेला पोरगा राणीचा कोण होता? हजार कोसांवरच्या एका गरिबाच्या घरात पाणी संपलं, हे एका राजाच्या लक्षात राहिलं. हेतू कसाही असो, प्यायला मिळालं ते त्या पोराच्या गाववाल्यांना. आणि त्याच्या आधी एका साहेबाने आझमगढच्या लोकांसाठी विहीर खोदली होती, तीही आपण विसरू नये. काका गप्प बसले. पटलं असं नाही, पण चहा घेऊन गेले.

मला मात्र त्या गोष्टीतला एक शब्द जास्त टोचतो. रीडने मागितलं होतं, विहीर सर्व लोकांसाठी खुली राहू द्या. का मागावं लागलं? कारण आपल्याकडे विहीर खोदली म्हणजे ती सर्वांची होत नाही. आमच्या रेल्वेच्याच स्टेशनांवर एके काळी 'हिंदू पानी' आणि 'मुस्लिम पानी' अशी वेगळी सोय असायची. स्टोक रोची विहीर खुली झाल्यावर चारच वर्षांनी, १८६८ साली, महात्मा फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आणि त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याची ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. आपल्या उत्सवाला आपण 'सार्वजनिक' म्हणतो. हा शब्द उच्चारायला सोपा आहे.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय खाली बसलो तर हे भाषण खोटं होईल.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या स्टेशनच्या कॉलनीचं काम माझ्याकडे होतं. तिथे वाफेच्या इंजिनांच्या काळातली एक जुनी विहीर होती. घोटीव दगडाची, गोल, देखणी. पण बोअर झालं, टाकी झाली, नळ आले, आणि विहिरीकडे कोणी फिरकेना. लोक त्यात कचरा टाकायला लागले. एकदा वासरू पडलं. उद्या पोर पडेल अशी तक्रार आली. कठडा उंचावून वर जाळी बसवायची, गाळ काढायचा, तर त्याला पैसे मंजूर होत नव्हते. बुजवायला मात्र पैसे लागत नव्हते, पाडलेल्या क्वार्टरांचा राडारोडा पडलेलाच होता. मी कागदावर 'निरुपयोगी' असं लिहिलं आणि सही केली. पंधरा दिवसांत विहीर भरली. माझी फाइल बंद झाली, मला हलकं वाटलं.

तीन वर्षांनी जूनच्या उन्हाळ्यात बोअरची मोटर जळली. दुरुस्त केली, पुन्हा जळली. टँकरपुढे बायकांची रांग. मी हेल्मेट घालून उभा. आमचा एक जुना खलाशी होता, निवृत्तीला आलेला. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहब, कुआँ मोटर नहीं माँगता था." त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त सांगत होता.

स्टोक रोच्या त्या कठड्याशी उभा राहून आत वाकून बघितलं तेव्हा तळ दिसला नाही. मला तिथे माझी ती सही दिसली. तिकडेही विसाव्या शतकात नळ आले, त्यांचीही विहीर मागे पडली. पण त्यांनी ती बुजवली नाही. तिच्यासाठी विश्वस्त आहेत, घुमटाला रंग आहे, बाग आहे. १९६१ साली एलिझाबेथ राणी आपल्या काशीत येऊन गेली. १९६४ साली विहिरीची शंभरी झाली, तेव्हा तिचे यजमान प्रिन्स फिलिप त्या खेड्यात गेले, आणि इथून नेलेलं गंगाजल त्या पाण्यात मिसळलं. दीडशे वर्षांपूर्वी दिलेल्या पाण्याचे उपकार ते गाव विसरलेलं नाही. आणि मी? माझ्याच लोकांसाठी कोणीतरी बांधलेली विहीर मी एका सहीने पुरली. बांधणाऱ्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून एक नियम केला आहे. माझ्या हद्दीत जुनी विहीर असेल तर 'निरुपयोगी' हा शब्द मी लिहीत नाही. 'देखभाल आवश्यक' असं लिहितो. पैसे मंजूर होत नाहीत, फाइल परत येते, मी पुन्हा पाठवतो. दोन विहिरींना जाळी बसली आहे, एकीचा गाळ निघाला आहे. फार नाही, पण तीन आहेत.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण दरवर्षी उन्हाळ्यात स्टेशनच्या रस्त्यावर पाणपोई घालतो. पहिल्या दिवशी फोटो निघतो, नारळ फुटतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिथून जातो तेव्हा रांजण कोरडा असतो आणि पेला साखळीसकट गेलेला असतो. यंदाच्या वर्गणीतून सजावटीचे काही पैसे बाजूला काढून ते बँकेत ठेवू या. त्याच्या व्याजातून रोज रांजण भरणाऱ्या माणसाला चार महिने पगार देऊ या. आपल्या पाणपोईची ती चेरीची बाग होईल. पहिले पाचशे एक रुपये माझे, खजिनदारांनी आत्ताच पावती फाडावी.

एवढं बोलून थांबतो. काही चुकलं असेल तर बाप्पा आणि आपण सगळे सांभाळून घ्याल.

गणपती बाप्पा मोरया!